बियाणं वेगळं, पीठ वेगळं: मैफलीचं रेकॉर्डिंग जपावं कशात आणि वाटावं कशात

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोजागरीला अमळनेर तालुक्यातल्या तुमच्या गावी एका गच्चीवर रात्रभर गाणं झालं. आधी भजनी मंडळ, मग दोन गायकांचं शास्त्रीय गाणं, पहाटे भैरवी. हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर तुम्ही सगळं टिपलंत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची अठ्ठेचाळीस हजार मोजमापं, प्रत्येक २४ बिटांच्या आकड्यात), वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला आवाज. सात तास, सव्वासात जीबी, चार तुकडे. आता साठेक जण ते मागतायत. एक मित्र म्हणतो, ३२० ची (सेकंदाला ३२० किलोबिटची) एमपीथ्री करून वाटून टाक, कुणाला काही कळत नाही. दुसरा म्हणतो, फ्लॅकशिवाय (म्हणजे काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटशिवाय) देऊच नको, एमपीथ्री म्हणजे गाण्याची नासाडी. आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय: कार्ड भरलंय, तर एमपीथ्री करून झाल्यावर वेव्ह उडवल्या तर चालेल का?

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो. उडवू नका. बाकीचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी कराच.

तुमचे दोन्ही मित्र भांडतायत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींवर बोलतायत. एक बोलतोय ऐकण्याबद्दल, दुसरा जपण्याबद्दल. 'कोणता फॉरमॅट चांगला' या एका प्रश्नात खरे दोन प्रश्न अडकलेत: मूळ प्रत कशात ठेवायची आणि लोकांना कशात द्यायची. आपल्याकडे घरोघर पेरणीसाठीची ज्वारी वेगळी काढून ठेवायचे आणि खायची वेगळी. खायच्या ज्वारीत उडीद घालून कळणा दळला, की त्याची भाकरी उत्तम होते. पण पेरायच्या दिवसात त्या पिठाचा काही उपयोग नसतो. तुमच्या वेव्ह फाइल म्हणजे बियाणं आणि एमपीथ्री म्हणजे पीठ. पिठात वाईट काही नाही. फक्त सगळंच दळून बसायचं नाही.

आता फ्लॅक नेमकं काय करतं ते सांगतो, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. खोलीभर पसरणारी रुई १७० किलोच्या एका गाठीत बसते. गाठ सोडली की रुई तेवढीच, ग्रॅमभरही कमी नाही. फ्लॅकचं काम हेच. आधीच्या काही आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल याचा ते अंदाज बांधतं आणि खरा आकडा अंदाजापेक्षा किती चुकला तेवढंच लिहून ठेवतं. चूक लहान असल्यामुळे जागा कमी लागते. वाजवताना अंदाज अधिक चूक अशी बेरीज होते आणि मूळ आकडा जसाच्या तसा परत येतो. जवळपास नाही, तंतोतंत. फ्लॅकमध्ये ० ते ८ असे दाबाचे टप्पे असतात. अनेकांना वाटतं ८ वर आवाज खराब होतो आणि ० वर चांगला राहतो. तसं काही नाही. टप्पा वाढवला की गाठ बांधायला वेळ जास्त लागतो आणि फाइल थोडी लहान होते, एवढाच फरक. शिवाय हा फॉरमॅट खुला आहे, कुणाच्या मालकीचा नाही. २००१ पासून स्थिर आहे आणि २०२४ मध्ये तो रीतसर इंटरनेट मानक म्हणूनही प्रसिद्ध झाला. वीस वर्षांनी तो उघडणारं सॉफ्टवेअर मिळेल याची मला फ्लॅकइतकी खात्री दुसऱ्या फार थोड्या फॉरमॅटबद्दल आहे.

एमपीथ्रीचा विचारच निराळा आहे. माणसाच्या कानाला एका वेळी सगळं ऐकू येत नाही. ढोलकीचा ठोका जोरात पडला की त्याच क्षणी, त्याच्याच आसपासच्या सुरातला बारीक आवाज आपल्याला जाणवत नाही. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर दर क्षणी हिशेब मांडतं की आत्ता कोणता आवाज कोणत्या आवाजाखाली झाकला गेलाय. झाकलेला भाग ते ढोबळपणे लिहितं किंवा टाकूनच देतं. १९९० च्या आसपास जर्मनीतल्या संशोधकांनी मुख्यतः हे काम केलं आणि ते फार हुशारीचं काम आहे. ३२० केबीपीएसला फाइल साध्या सीडीच्या आवाजाच्या चौथ्या हिश्शापेक्षाही लहान होते आणि तरीही गाणं गाणंच राहतं. म्हणून 'गाण्याची नासाडी' हा शब्द मला पटत नाही.

कानाला फरक कळतो का? मी जळगावात अठ्ठावीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतोय, त्यामुळे लोक समजतात की मला लगेच कळत असेल. फूबार नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एक जोड बसवली की कोणती फाइल वाजतेय हे न दाखवता ते तुमची परीक्षा घेतं. १६ वेळा ऐकून निदान १२ वेळा बरोबर ओळखता आलं तर फरक कळतो म्हणायचं, नाहीतर तो अंदाजच. मी ही परीक्षा खूपदा दिलीय. १२८ ची एमपीथ्री मी टाळ वाजत असताना हमखास ओळखतो. १९२ ला कधी ओळखतो, कधी नाही. ३२० ला चांगल्या हेडफोनवरही बहुतेक वेळा नापास होतो. म्हणजे फक्त ऐकण्यापुरतं बोलायचं तर तुमचा पहिला मित्र जवळजवळ बरोबर आहे.

पण 'टाळ वाजत असताना' हे मी मुद्दाम लिहिलं, कारण आपलं संगीत या फॉरमॅटची नेमकी अडचणीची जागा पकडतं. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून काम करतं. एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. तुकड्याच्या मधोमध टाळेचा किंवा तबल्याच्या चाटेचा लख्ख आघात आला, तर ढोबळ लिहिण्यामुळे झालेली खरखर पूर्ण तुकड्यावर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीही. आघातानंतरची खरखर कान माफ करतो, कारण ठोक्याचा नाद तिला झाकतो. आधीची माफ करत नाही. टाळेची धार बोथट होते आणि 'छण्ण'च्या जागी 'फ्श्श' ऐकू येतं. सॉफ्टवेअर अशा वेळी तुकडे आणखी लहान करून सावरायचा प्रयत्न करतं, पण भजनी मंडळात दहा-बारा जण एकदम टाळ कुटत असतील तर सावरणार किती? श्रोत्यांच्या टाळ्यांचंही तसंच. तानपुऱ्याचा त्रास वेगळा. जवारीतून, म्हणजे तारांच्या त्या गुंजनातून, निघणाऱ्या असंख्य बारीक स्वरांचा तो सतत हलणारा पडदा असतो. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किलोबिट कमी असले की, तो थरथरायला लागतो, जणू तानपुरा तापाने फणफणलाय. त्यामुळे ज्याने फक्त सिनेमातली गाणी लावून '१२८ पुरे' असं ठरवलंय, त्याचा निकष तुमच्या पहिल्या दोन तासांच्या भजनाला लावू नका.

तरीही मूळ प्रत जपा म्हणतो त्याचं खरं कारण हे नाही. खरं कारण मी एका रेकॉर्डिंगवर शिकलो.

२००५ साली यावल तालुक्यातल्या एका गावात मी एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. मंडळातले म्हातारबुवा असे गायचे की वरच्या पट्टीत आवाज फाटायच्या टोकापर्यंत जायचा आणि फाटायचा नाही. त्या रात्री लोडशेडिंग होतं. मंडपामागे जनरेटर चालू होता आणि त्याची घरघर माइकमध्ये आलीच. तेव्हा माझ्या कॉम्प्युटरला ४० जीबीची हार्ड डिस्क होती आणि ती कायम भरलेली असायची. मी सगळ्याची १२८ ची एमपीथ्री केली, मंडळाला सीडी दिली, वेव्ह उडवल्या. ऐकायला ठीक होतं. कुणाची तक्रार नव्हती.

नऊ वर्षांनी बुवा गेले. त्यांचा नातू माझ्याकडे आला. म्हणाला, काका, आजोबांचा आवाज तेवढा वर काढून द्या, जनरेटर घालवा, वर्षश्राद्धाला ऐकवायचंय. तोवर आवाज साफ करायची साधनं खूप सुधारली होती. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. मी घरघर कमी करायला घेतली आणि आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायला लागला. बुवांच्या ओळीची शेपटं, श्वास, दोन शब्दांमधली गुणगुण, सगळीकडे भोकं. कारण सरळ होतं. एमपीथ्री करताना सॉफ्टवेअरने मानलं होतं की जनरेटरखाली झाकलेलं कुणाला ऐकू येणार नाही, मग ते ठेवायचं कशाला? जनरेटर होता तोवर ते बरोबरच होतं. मी जनरेटर बाजूला सारला आणि त्याच्याखाली काहीच उरलेलं नव्हतं. वेव्ह असती तर बुवांचा तो दबलेला आवाज तिथे होता. मीच तो पुसला होता, ३०० रुपयांची जागा वाचवायला. नातवाला मी जनरेटरसकटच दिलं. अजूनही त्या घरावरून जाताना ते आठवतं.

तेव्हा भाऊ, मुद्दा हा आहे. एमपीथ्री हे एक वचन आहे: हे असंच, इथेच, याच आवाजात ऐका, तर तुम्हाला फरक कळणार नाही. पुढे कुणी त्यातलं काही उचलायला, उजळायला, कापायला, घरघर काढायला गेलं की ते वचन संपतं. आणि मैफलीच्या रेकॉर्डिंगला पुढे काहीतरी करावं लागतंच. ते स्टुडिओतलं नसतं. कुणीतरी माइकशेजारी खोकलेलं असतं, हार्मोनियम जड झालेली असते, पेटीखाली गायक दबलेला असतो.

दुसरी गोष्ट साखळीची. कॅसेटच्या काळात एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत काढत गेलं की चौथ्या-पाचव्या प्रतीत फक्त सुसाट्याचा आवाज उरायचा, हे आपल्या पिढीला माहीत आहे. डिजिटलमध्ये तसं होत नाही, असं सगळ्यांना वाटतं. फाइल नुसती कॉपी केली तर खरंच होत नाही. पण लोक नुसती कॉपी करत नाहीत. कुणी तुमच्या एमपीथ्रीमधून एक अभंग कापेल आणि पुन्हा एमपीथ्री म्हणून सेव्ह करेल. दुसरा त्याला विठ्ठलाचा फोटो लावून व्हिडिओ करेल. यूट्यूबवर तो चढला की तिथे पुन्हा दाब बसतो. तिसरा त्या व्हिडिओतून परत एमपीथ्री काढेल आणि ग्रुपवर टाकेल. दर पायरीला नवं सॉफ्टवेअर आधीच्या दाबाच्या खुणांनाच संगीत समजून पुन्हा त्यावर आपला हिशेब मांडतं. शेवटी जो टाळ उरतो तो पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा वाजतो. ही साखळी तुम्ही थांबवू शकत नाही, थांबवायचा प्रयत्नही करू नका, गाणं फिरलं पाहिजे. फक्त साखळीची पहिली कडी शुद्ध आहे आणि ती कुठे मिळते हे लोकांना माहीत आहे, एवढी काळजी घ्या.

श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाच्या रात्री बायका अहिराणीत जी गाणी म्हणतात, त्यांची माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक क्लिप अशी चौथ्या-पाचव्या हातची असते. कुणाचा आवाज, कुठलं गाव, काही कळत नाही आणि शब्दही लागत नाहीत. म्हणून ज्याच्या हातात मूळ फाइल आहे असा माणूस भेटला की मी त्याला सोडत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच निघाला होता आणि तिथल्या लोकांनी काढलेला मार्ग शिकण्यासारखा आहे. ग्रेटफुल डेड नावाचा बँड श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू द्यायचा. १९८४ मध्ये तर त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी बसायची वेगळी जागाच ठेवली. पुढे इंटरनेट आल्यावर १९९८ मध्ये ईट्री नावाची मंडळी एकत्र आली. त्यांचा दंडक एकच: देवाणघेवाण लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या, फॉरमॅटमध्येच करायची. सुरुवातीला शॉर्टन नावाचा फॉरमॅट होता, नंतर फ्लॅक आला. २००२ पासून इंटरनेट अर्काइव्ह या इंटरनेटवरच्या मोफत संग्रहालयाने परवानगी देणाऱ्या कलाकारांच्या मैफलींचा संग्रह सुरू केला. तिथे लॉसलेस फाइल चढवायची, आणि ऐकणाऱ्यांसाठी एमपीथ्री त्यांचा सर्व्हर स्वतः तयार करतो. बियाणं आत, पीठ खिडकीवर. आपल्याला जे करायचंय ते हेच, छोट्या प्रमाणावर.

आता तुमच्या सात तासांचं गणित मांडू. तुमच्या वेव्हला मिनिटाला १७.२८ एमबी लागतात, म्हणून सव्वासात जीबी. त्याच फाइल २४ बिटच्याच फ्लॅकमध्ये बांधल्या तर साधारण चार ते पाच जीबी होतील. नेमका आकडा रेकॉर्डिंगवर अवलंबून आहे. एकटा तानपुरा आणि गायक चांगले दबतात, टाळ-ढोलकीचा गोंधळ कमी दबतो. वाटण्यासाठी १६ बिट केलं तर फ्लॅक अडीच ते तीन जीबीच्या आसपास येईल. ३२० ची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे सात तासांना बरोबर एक जीबी. १२८ ची चारशे एमबी.

हे आकडे समोर ठेवून स्वतःला विचारा, घेणारा कोण आहे? साठ जणांपैकी पन्नास जण मोबाइलवर, शेतात जाताना, ट्रॅक्टरवर किंवा स्वयंपाकघरात ऐकणार. त्यांचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीचा. त्यांना तीन जीबीचं फ्लॅक दिलंत तर ते उतरवणारच नाहीत आणि गाणं त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. शिवाय ब्लूटूथचा छोटा स्पीकर लावला की फोन तो आवाज वाटेत पुन्हा दाबतोच. त्यांना एमपीथ्री द्या, मनात काही न आणता द्या. उरलेल्या दहांमध्ये दोन्ही गायक, तबलजी, पेटीवाले, गाणं शिकणारी दोन-तीन मुलं आणि एखादा जुना संग्राहक असेल. या दहांना फ्लॅकच द्या. गायक स्वतःची मींड दहा वेळा ऐकतो, गती कमी करून ऐकतो. शिकणारी मुलगीही तेच करते. एमपीथ्री गती कमी करून ऐकली की ज्या खुणा लपलेल्या असतात त्या उघड्या पडतात.

फ्लॅक वाजणार नाही ही भीती आता बाळगू नका. अँड्रॉइड फोन ते कधीपासून वाजवतात, आयफोनवर २०१७ पासून चालतं, विंडोज १० मध्ये वेगळं काही टाकावं लागत नाही. जुने कार स्टीरिओ आणि बाजारात मिळणारे पेनड्राइव्हचे भजन-प्लेअर मात्र फ्लॅक ओळखत नाहीत, तिथे एमपीथ्रीच.

एमपीथ्री ऐवजी तिच्या नंतर आलेले ओपस किंवा एएसी हे दाबणारे फॉरमॅट का नको, असं कुणीतरी म्हणेल. बरोबर म्हणेल. ओपस २०१२ चं आहे आणि कमी बिटरेटला ते एमपीथ्रीच्या कितीतरी पुढे आहे. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज त्यातच असतात. ९६ च्या ओपसमध्ये तुमचे सात तास तीनशे एमबीत बसतील आणि बऱ्यापैकी चांगले वाजतील. पण गावातल्या प्रत्येक डब्यात काय वाजतं हा प्रश्न असेल तर उत्तर अजून एमपीथ्रीच आहे. ज्याच्याकडे डेटा अगदीच कमी, त्याच्यासाठी ओपस करून ठेवा.

मी स्वतः कसं करतो ते आता क्रमाने सांगतो.

कार्यक्रमानंतर पहिलं काम कार्डावरच्या फाइल कॉम्प्युटरवर घेणं. त्यांना हात लावायचा नाही. आवाज वाढवायचा नाही, सुरुवातीची सूर जुळवणी कापायची नाही, मधली दूध वाटायची वेळही काढायची नाही. तुमचा रेकॉर्डर दर दोन जीबीला नवी फाइल सुरू करतो, म्हणून दोन तासांनी गाणं मध्येच तुटल्यासारखं दिसतं. बहुतेक रेकॉर्डरमध्ये एकही क्षण सुटलेला नसतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवले की सांधा कळतही नाही. या कच्च्या फाइलचं २४ बिटमध्येच फ्लॅक करायचं. हीच मूळ प्रत.

मग त्याची एक नक्कल घेऊन तिच्यावर काम. आवाजाची पातळी, हार्मोनियमचा जडपणा, जे काही करायचं ते इथे. काम २४ बिटमध्येच करा, कारण तुम्ही सांगितलंय की आवाज फाटू नये म्हणून पातळी बरीच खाली ठेवली होती. ते योग्यच केलंत, २४ बिटचा खरा फायदा तोच. पातळी वर उचलली तरी खालची खरखर वर येत नाही, माइकची आणि गच्चीची येईल तेवढीच. सगळं झालं की शेवटी १६ बिट करायचं आणि करताना डिदर (बिट कमी करताना होणारी चूक झाकायला मिसळलेली अगदी बारीक खरखर) चालू ठेवायचं. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. मोकळ्या गच्चीवर रातकिडे, पंखा, रस्त्यावरची ट्रॅक्टरची ये-जा धरता तेवढं अंतर तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. ऐकणाऱ्यासाठी २४ बिट म्हणजे नुसती जागा अडवणं. ४८ किलोहर्ट्झ मात्र तसंच राहू द्या. ४४.१ करायचं कारण सीडी, आणि सीडी आता कुणी मागत नाही.

गाण्यांचे तुकडे करताना एक काळजी घ्या. मैफल सलग असते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तुम्ही तिथे कापलंत, तर फ्लॅकमध्ये दोन तुकडे एकामागून एक बिनचूक जुळतात. एमपीथ्री मात्र प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवते. चांगले प्लेअर ती वगळतात, साधे नाही. मग समेवर येता येता आवाजाला उचकी लागते. म्हणून वाटायच्या एमपीथ्रीत मी ख्याल कधीच मध्ये कापत नाही. राग सुरू झाला की टाळ्या संपेपर्यंत एकच फाइल, चाळीस मिनिटांची झाली तरी.

त्या सोळा बिटच्या फ्लॅकमधून ३२० ची एमपीथ्री एकदाच, शेवटी. पुढे काही चूक सापडली, नाव चुकलं, पातळी बदलायची आहे, तर एमपीथ्री दुरुस्त करायची नाही. परत फ्लॅककडे जायचं आणि नवी एमपीथ्री काढायची. दाब ही शेवटची पायरी. तिच्यावरून मागे फिरायला वाट नाही. एमपीथ्रीचं फ्लॅक करता येतं, फाइल मोठी होते, नाव बदलतं, पण गेलेलं काही परत येत नाही. असे बनावट फ्लॅक खूप फिरतात. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणते स्वर आहेत ते दाखवणारं चित्र) उघडला आणि टाळ वाजत असतानाही १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळोख दिसला, तर बहुधा ते १२८ च्या एमपीथ्रीतून आलेलं असतं. बहुधाच म्हणतो, कारण साध्या माइकलाही वरचे स्वर कमी येतात.

याच कारणाने, तुमच्या कुणा मित्राने मोबाइलवर भैरवी घेतली असेल तर ती फाइल बहुतेक वेळा आधीच दाबलेली असते. ती आहे तशीच ठेवा. तिचं ना फ्लॅक करा, ना एमपीथ्री. तिच्यासाठी तीच मूळ प्रत.

देवाणघेवाणीत दोन-तीन ठिकाणी लोक अडतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशी आहे तशी जाते. मोठ्या फाइलसाठी ड्राइव्हची लिंक बरी. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लोकांना वाटतं ड्राइव्ह खराब आहे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आधी क्रमांक देऊन ठेवा. देवनागरी नावं मला स्वतःला प्रिय आहेत, पण साधे प्लेअर त्यांचे चौकोन करून टाकतात आणि क्रम बिघडतो. मराठी नावं सोबतच्या टिपणात येऊ द्या.

हे टिपण मात्र टाळू नका. एक साधी मजकुराची फाइल, प्रत्येक फोल्डरमध्ये. तारीख, गाव, कुणी गायलं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, कोणता राग, कोणता अभंग कुणाचा. आणि रेकॉर्डिंगचा प्रवास: कोणता रेकॉर्डर, किती बिट, पुढे काय काय केलं. दहा वर्षांनी कुणाच्या हातात ही प्रत पडली तर मूळ कुठलं आणि दळलेलं कुठलं हे त्याला तिथेच कळेल.

परवानगीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. कॉपीराइट कायद्याने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं ऐकणं वेगळं आणि साठ जणांना वाटणं वेगळं. दोन्ही गायकांना फोन करा, भजनी मंडळाच्या प्रमुखांना भेटा आणि त्यांचा होकार लेखी घ्या, साध्या मेसेजवर घेतला तरी चालेल. माझा अनुभव असा की आधी त्यांना फ्लॅक ऐकायला दिलं आणि मग विचारलं, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. कधी एखादा गायक म्हणतो, त्या रात्री घसा बसला होता, दुसरा राग देऊ नका. तो राग वाटायचा नाही. मूळ प्रतीत मात्र राहू द्यायचा.

आणि जपण्याबद्दल. मी २००४ च्या सुमारास जाळलेल्या सीडींपैकी बऱ्याच आता वाचल्याच जात नाहीत. हार्ड डिस्कही मरतात. म्हणून मूळ प्रत दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाची एक खूणगाठ साठवलेली असते. तपासणीचा आदेश दिला की सॉफ्टवेअर सगळी फाइल उलगडून त्या खुणेशी ताडून पाहतं आणि कुठे एक आकडा जरी बदलला असेल तर सांगतं. वेव्हमध्ये ही सोय नाही, म्हणूनही मी मूळ प्रत वेव्हऐवजी फ्लॅकमध्ये ठेवतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मी दोन्ही डिस्कवर ही तपासणी चालवतो.

तुमचं कार्ड भरलंय म्हणालात. आज रात्रीच चारही फाइल कॉम्प्युटरवर घ्या आणि २४ बिटमध्ये फ्लॅक करा. एक प्रत स्वतःच्या डिस्कवर, एक भावाच्या किंवा मित्राच्या घरी. दोन्हीवर तपासणी चालवा, आणि भजनातला टाळेचा एखादा तुकडा दोन्हीकडून वाजवून ऐका. दोन्ही ठीक निघाल्या की कार्ड निर्धास्त फॉरमॅट करा, पुढच्या कार्यक्रमाला ते रिकामं लागेलच.